मत्स्योदरी : काशीचे लुप्त सरोवर

काशीचा यात्रेकरू उगवतीकडे तोंड करून अर्घ्य देतो आणि घाटांच्या दर्शनाने तृप्त होऊन परततो. परंतु या नगरीची भूरचना ज्याला समजून घ्यावयाची असेल, त्याने गंगेकडे पाठ फिरवून, त्रिलोचन घाटाच्या पायऱ्या चढून, पश्चिमेच्या गल्लीने चालू लागावे. चढण संपते न संपते तोच पायांखाली मंद उतार लागतो. येथे उत्तरवाहिनी झालेल्या गंगेच्या डाव्या तीरावर चिकणमाती आणि तिच्यात घट्ट रुतलेले चुनखडीचे खडे, ज्यांना तिकडे कंकर म्हणतात, यांची उंच कड उभी आहे. या कठीण कडेमुळेच प्रवाहाला पश्चिमेस सरकता आले नाही. कडेमागची जमीन मात्र सखल, आणि म्हणून पावसाचे पाणी नदीकडे न जाता आत वळून मत्स्योदरी, मंदाकिनी, बेनिया अशा सरोवरांत साठत असे.

काशीखंडाने मत्स्योदरीचे माहात्म्य गायिले आहे. गंगेला महापूर आला की तिचे पाणी वरणा नदीच्या मुखातून उलटे शिरे, मत्स्योदरी तुडुंब भरून ओंकारेश्वराच्या टेकडीस वेढा घाली, आणि एकामागून एक सरोवर ओलांडीत, गोदावरी नावाच्या ओढ्याच्या वाटेने, दशाश्वमेधापाशी पुन्हा मूळ प्रवाहास मिळे; काशी तेव्हा जलवेष्टित बेट होई. त्या दुर्मीळ योगावरील स्नान परमपुण्यप्रद मानीत. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ रचला, तेव्हा ही सरोवरे नांदती होती.

त्यांचा अंत १८२० नंतरच्या दशकात झाला. पुढे ब्राह्मी लिपी उलगडून कीर्तिमान झालेला जेम्स प्रिन्सेप तेव्हा कंपनी सरकारच्या टाकसाळीवर तरुण अंमलदार होता. १८२२ मध्ये त्याने नगराची मोजणी करून नकाशा सिद्ध केला आणि भुयारी मार्गाने दलदलीचे पाणी गंगेत काढून दिले. काशीवर त्याचे मनापासून प्रेम होते, हे त्याची चित्रे सांगतात, आणि रोगराई हटविण्याचा हेतूही निर्मळ होता. तथापि पूर पोटात घेणारी ही जागा बुजली तर ते पाणी कोठे जावे, याचा हिशेब त्या योजनेत धरला गेला नाही, असे मला वाटते.

आज मच्छोदरी व मैदागिन येथे बागा आहेत, आणि ओढ्याच्या जागी गोदौलियाचा गजबजलेला रस्ता. १९७८ साली गंगेने ७३.९०१ मीटरची पातळी गाठली, म्हणजे धोक्याच्या रेषेहून अडीच मीटरांहूनही अधिक. मोठा पूर आला की वरणेकाठच्या सखल मोहल्ल्यांत पाणी अजूनही त्याच उलट्या वाटेने शिरते. तेथे नवी बांधकामे मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रिन्सेपचाच तो नकाशा समोर ठेवावा. पाण्याच्या जागा त्यावर रेखलेल्या आहेत.