सातारा-सांगलीमधली पांढरी रेघ

निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी मोबाइलवर महाराष्ट्राचा रंगीत नकाशा उघडलात, तर कधी कधी एक गंमत दिसते. सातारा आणि सांगली एकाच रंगात आहेत, मध्ये सीमारेषा कुणी काढलेलीच नाही. तरी दोघांच्या मध्ये केसाएवढी पांढरट रेघ डोकावते. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच रेघ फिकी पडते किंवा जागा बदलते.

असे नकाशे बहुधा एसव्हीजी प्रकारचे असतात. फोटोत प्रत्येक पिक्सेलचा रंग नोंदलेला असतो. एसव्हीजीत असतात फक्त सूचना: इथून तिथे रेघ, इथे वळण, आत हा रंग. ठिपक्यांच्या रांगोळीच्या वहीसारखंच. ठिपके किती, कोणता कुठे जोडायचा, एवढं वहीत असतं. रेघ बारीक की जाड, हे चिमटीवर. ही चिमूट म्हणजे ब्राउझर.

आता ती रेघ. सीमा तिरकी, पिक्सेल चौकोनी. सीमेवरचा एखादा पिक्सेल निम्मा साताऱ्यात, निम्मा सांगलीत येतो. ब्राउझर आधी सातारा रंगवतो. त्या पिक्सेलला ५० टक्के रंग मिळतो. मग सांगलीची पाळी. पिक्सेलचा नेमका कोणता अर्धा भाग आधी भरला, हे ब्राउझरने लक्षात ठेवलेलं नसतं. तो उरलेल्या पांढऱ्याचा निम्मा झाकतो. रंग झाला ७५ टक्के. २५ टक्के पांढरा तसाच राहिला. असे पिक्सेल ओळीने आले की झाली रेघ.

एसव्हीजीचं प्रमाण डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ मध्ये जाहीर केलं. इंटरनेट एक्स्प्लोररने मात्र ते थेट २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत स्वीकारलं. आज सगळे ब्राउझर ते मानतात. पण कडा किती मऊ करायच्या, हे प्रमाणाने ब्राउझरवरच सोपवलं आहे. क्रोम स्किया नावाच्या चित्रयंत्रणेने रंगवतो, सफारी ॲपलच्या कोअर ग्राफिक्सने. हात वेगळे, म्हणून कडा वेगळ्या.

अक्षरांचं तर आणखी अवघड. चित्रात 'कोल्हापूर' लिहिलं आणि फाँट सोबत दिला नाही, तर विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो अशा त्या त्या यंत्रातल्या फाँटात ते उमटतं. प्रत्येकाची रुंदी निराळी, म्हणून चौकटीत नीट बसवलेलं नाव दुसरीकडे बाहेर येतं.

यावर उपाय आहेत. प्रत्येक जिल्ह्याला त्याच्याच रंगाची बारीक किनार दिली की फट झाकली जाते. अक्षरांसाठी फाँट सोबत द्यावा. बोधचिन्हातली अक्षरं आकारांत बदलली तरी चालतं. नकाशातल्या नावांचं तसं करू नये, कारण मग ती शोधता येत नाहीत आणि अंधांसाठीचं वाचक सॉफ्टवेअरही ती वाचू शकत नाही. आणि चित्र प्रसिद्ध करण्याआधी क्रोम, सफारी, फायरफॉक्स या तिन्हींत एकदा उघडून बघा. काम पाच मिनिटांचं आहे.