शेवटच्या गाडीपलीकडचे विद्यार्थी

तालुक्याच्या महाविद्यालयाने नवे वसतिगृह बांधावे की नाही, ही चर्चा संस्थेच्या बैठकीत निघाली की प्रवेशाचे रजिस्टर मागवले जाते. परगावची मुले किती, त्यांतली खोली करून राहणारी किती, वसतिगृह मागणारी किती, एवढे मोजले की निर्णयाला आधार मिळाल्यासारखे वाटते. माझ्या मते मोजणी इथेच चुकते. वसतिगृहाची ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांची नावे या रजिस्टरात नसतातच. ती बारावीच्या निकालपत्रात असतात आणि तिथून पुढे कुठेच दिसत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न फार टोकदार आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार, चौदा तालुके, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे पाटपाणी आणि साखर कारखाने. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा आणि त्याच परिसरातली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था १९६४ ची. तिथे उसामागोमाग शिक्षण आले. पूर्व-दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हा अवर्षणाचा पट्टा. पश्चिमेला अकोले तालुक्याचा डोंगरी, आदिवासी भाग. एकाच जिल्ह्यातल्या या तीन मुलखांना वसतिगृहाचे एकच उत्तर लागू पडणार नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मुलांनी राहूनच शिकायचे हे गृहीत असते. कला-विज्ञानाच्या महाविद्यालयात मात्र मुलांनी ये-जा करायची, हेच गृहीत धरले जाते.

या ये-जा करण्याचा अर्थ नीट पाहायला हवा. पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरची बीएस्सीची मुलगी घ्या. पहाटे उठून घरचे पाणी भरायचे, फाट्यापर्यंत चालत यायचे, भरलेल्या एसटीत उभ्याने तालुका गाठायचा. तास संपले की दुपारनंतर प्रॅक्टिकल. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग पालटायची वाट पाहायची असते, ती पाहत असते घड्याळ. गावाकडची शेवटची गाडी चुकली तर रात्र कुठे काढायची? मग ती रीडिंग मैत्रिणीच्या वहीतून उतरवते आणि स्टँडकडे पळते. वर्गशिक्षक म्हणतात, प्रॅक्टिकलला लक्ष नाही. तिचे लक्ष होते, वेळ नव्हता. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा पासवर शिकणाऱ्या मुलांचे जवळजवळ अख्खे वर्ष कसल्या धाग्यावर लोंबकळते, हे साऱ्या महाराष्ट्राला दिसले.

आपल्याकडे ही जाणीव नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. कोल्हापुरात बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली. साताऱ्याला १९२४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव दिले गेले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत, स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामे स्वतः करत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. त्या काळात बोर्डिंग ही शाळेची पुरवणी नव्हती; आधी पोरांच्या जेवणाची आणि निजण्याची सोय, मग शिक्षण, असाच क्रम होता. आज रयतची महाविद्यालये श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत अशी जिल्हाभर आहेत. क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटला: आधी इमारत, प्रयोगशाळा, सभागृह, आणि उरले तर वसतिगृह.

यावर एक सरळ आक्षेप येतो. सरकार आता थेट पैसे देते, मग संस्थेने बांधकामात कशाला पडायचे? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये. त्यांत भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. योजना चांगली आहे आणि ती वाढली पाहिजे. पण पैशाने खोली तेव्हाच मिळते, जेव्हा गावात खोली असते. अहिल्यानगर शहरात सावेडीसारख्या भागात कॉट बेसिसवर मुलांना जागा सापडते, डबाही लागतो. तालुक्याच्या गावात एकट्या मुलीला खोली देणारा घरमालक शोधावा लागतो, आणि सापडला तरी आडनाव विचारल्यावर त्याचा सूर बदलू शकतो.

अकोल्याच्या मुलांना या व्यवहाराची दुसरी बाजू ठाऊक आहे. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतल्या मेसऐवजी भोजनाचे पैसे मुलांच्या खात्यावर टाकण्याचे ठरवले. त्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांनी त्या जुलैत पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. हप्ता लांबला तर जेवायचे काय, हा त्यांचा साधा सवाल होता. ताटात पडलेली भाकरी आणि खात्यावर येणारी रक्कम कागदावर सारखीच असते. महिनाअखेरीला मात्र तसे राहत नाही.

तेव्हा बांधावे, असे म्हणण्याआधी हिशेबही मांडू. समजा, शंभर जणांचे वसतिगृह चार कोटींत उभे राहिले. कर्ज काढले तर नऊ टक्क्यांनी नुसते व्याज वर्षाला ३६ लाख. सरकार निवासासाठी धरते तेवढेच, म्हणजे १२,००० रुपये, प्रत्येकाकडून घेतले आणि एकही कॉट रिकामी राहिली नाही, तरी जमा १२ लाख. त्यातूनच रेक्टर, रखवालदार, सफाई, वीज, दुरुस्ती. म्हणजे कर्ज काढून बांधलेले वसतिगृह गरीब मुलांच्या फीवर कधीच फिटणार नाही. फिटवायचे तर भाडे वाढवावे लागेल, आणि मग तिथे राहायला येतील ती मुले, ज्यांना पुण्याला जाणेही परवडले असते. इमारत देणगीतून किंवा अनुदानातूनच व्हायला हवी.

त्याहून अवघड हिशेब पाण्याचा. राष्ट्रीय मानकाप्रमाणे वसतिगृहात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. शंभर जणांना १३,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर रोज, शिवाय वर आणखी. जामखेड-पाथर्डीकडे मार्चपासून जूनपर्यंत हे पाणी कुठून येणार, याचे उत्तर नकाशा मंजूर होण्याआधी लेखी हवे. निम्मे पाणी धरले तरी प्रश्न सुटत नाही. गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवायला टाकी, धुण्या-भांड्यांचे पाणी संडासाला, हे आराखड्यातच असायला हवे. नंतर करू म्हटलेले मागेच राहते.

मुलींबाबत माझे मत पक्के आहे. या पट्ट्यात पहिले वसतिगृह त्यांचेच व्हावे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. पण फी माफ झाली म्हणून रस्ता जवळ झाला नाही. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर झालेला अत्याचार आणि तिचा खून या भागातले आईबाप विसरलेले नाहीत. त्यानंतरच्या मराठा क्रांती मोर्चांच्या मागण्यांत न्यायाबरोबर शिक्षणही होते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वसतिगृहांचे आश्वासन त्यातूनच आले. मात्र कुंपण उंच केले म्हणजे सुरक्षितता आली, असे होत नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय तिथल्याच रखवालदारावर होता. रात्री आवारातच राहणारी, पूर्ण पगाराची महिला रेक्टर ही इमारतीइतकीच मूलभूत गोष्ट आहे. ‘तासांशिवाय अतिरिक्त जबाबदारी’ म्हणून ते काम एखाद्या प्राध्यापिकेच्या गळ्यात घालणे हा तिच्यावर आणि मुलींवरही अन्याय आहे. आणि संध्याकाळी सातला फाटक बंद करायचे असेल तर अभ्यासिका फाटकाच्या आत हवी.

आता ऊसतोडीकडे येतो. पाथर्डी, जामखेडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मार्च-एप्रिलपर्यंत फडाशेजारच्या कोपीत संसार. मागे राहिलेली मुलगी आजीजवळ, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळायला आईबरोबरच. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येकी शंभर जणांची सोय, पहिल्या टप्प्यात या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड. सुरुवात भाड्याच्या इमारतींतून झाली. ते योग्यच होते.

महाविद्यालयांनीही तसेच करावे, असे मला वाटते. गावातला एखादा बंद पडलेला वाडा किंवा मंगल कार्यालयाचा मजला भाड्याने घ्यावा. तीस-चाळीस मुलींपासून सुरुवात करावी, दोन वर्षे चालवून पाहावे. बारावीच्या निकालपत्रातून गळालेल्या मुलींच्या घरी प्राध्यापकांनी जून महिन्यात स्वतः जावे. त्यांतल्या किती आल्या, किती टिकल्या, यावरून बांधकामाचा निर्णय घ्यावा. कॉट भरल्या की नाही, एवढ्यावरून नको.

आणि दिवाळीच्या सुटीचे आधीच ठरवावे. सुटी लागली की मेस बंद, वसतिगृहाला कुलूप, ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. ज्यांची घरे त्याच आठवड्यात बंद होतात त्या मुलींना सुटी लागली म्हणजे थेट फडावर जावे लागते, आणि फडावर गेलेल्यांतल्या काही परत येत नाहीत. सुटीत मेस चालू ठेवायला एक रेक्टर, एक स्वयंपाकीण, एक रखवालदार आणि महिनाभराचा शिधा लागतो. चार कोटींच्या इमारतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि सरकारकडून तेवढीच रक्कम घेण्याचे धोरण ठरलेले आहे. सुटीतल्या मेसचा खर्च त्यातून द्यावा, अशी मागणी जिल्ह्यातल्या संस्थांनी एकत्र येऊन, यंदाचा गाळप हंगाम संपायच्या आत करायला हवी.