डिस्पोजेबल ईमेल : कुठे चालतो, कुठे अजिबात नाही

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी एका प्रोटीनचं मॉडेल तयार करायला ऑनलाइन सर्व्हरवर जॉब टाकला होता. फॉर्ममध्ये ईमेल मागितला होता. त्याच्या आधी दोन-तीन वेबिनारना नाव नोंदवल्यापासून माझ्या इनबॉक्समध्ये 'आमच्या जर्नलला पेपर पाठवा' छापाच्या मेलचा नुसता पूर आला होता. म्हणून हुशारी केली आणि दहा मिनिटं टिकणारा तात्पुरता ईमेल दिला. निकालाची लिंक आली तिसऱ्या दिवशी! म्हणजे आली असणार, कारण तो पत्ता केव्हाच गेला होता. पुन्हा जॉब, पुन्हा रांग, आणि मधल्या काळात गाईडसमोर रिकामी स्लाइड.

चूक कुठे झाली? हे पत्ते चालतात कसे, तेच मला माहीत नव्हतं.

आपल्या नेहमीच्या मेलबॉक्सला पासवर्ड असतो. डिस्पोजेबल सेवेत बहुतेक वेळा तो नसतोच. मेलिनेटरचं उदाहरण घ्या. तिथे खातं उघडावं लागत नाही. मनात येईल ते नाव फॉर्ममध्ये टाकायचं, मेल आला की त्या नावाची पेटी आपोआप तयार होते. मेल काही तासांत पुसले जातात. पण मोफत पेट्या सार्वजनिक असतात, तेच नाव टाकणारा कोणीही तुमचा मेल वाचू शकतो.

आता खरा धोका बघा. बहुतेक साइट्सवर 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की लिंक ईमेलवर जाते. म्हणजे ज्याच्या हातात मेलबॉक्स, त्याच्या हातात खातं. पेटी सार्वजनिक असेल तर खातंही सार्वजनिकच समजा. आणि पेटी नष्ट झाली असेल तर तुम्ही स्वतःच बाहेर.

त्यामुळे मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते : इथे मला परत यायचंय का? एखादी पीडीएफ उतरवायची आहे, एखादं टूल पाच मिनिटं बघायचंय, तर तात्पुरता पत्ता बिनधास्त द्या (काही साइट्स असे पत्ते ओळखून नाकारतात, तो भाग वेगळा). नेट, सेट, पेटचे अर्ज, फेलोशिप, जर्नलला पेपर पाठवणं, आणि हो, निकाल मेलवर पाठवणारे सर्व्हर, इथे चुकूनही नाही.

मधला मार्गही आहे. जीमेलमध्ये आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो, उदाहरणार्थ '+वेबिनार' (पत्त्यात हा शब्द अर्थात रोमन लिपीत लिहायचा). मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो, फिल्टर लावता येतो, आणि पुढे त्याच पत्त्यावर भलत्याच कोणाचा मेल आला तर पत्ता कुठून फुटला तेही कळतं. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत. शिवाय खरा पत्ता त्यातून सहज दिसतो. तो लपवायचा असेल तर फायरफॉक्स रिले बघा. ते वेगळा पत्ता देतं, मेल तुमच्याकडे वळवतं, आणि कंटाळा आला की तो बंद करता येतो.

जाता जाता, विद्यापीठाचा ईमेलही एका अर्थी तात्पुरताच. पीएचडी संपल्यावर तो बऱ्याच ठिकाणी बंद होतो. ऑर्किडवर एकापेक्षा जास्त ईमेल जोडता येतात, तिथे स्वतःचा खासगी पत्ता आजच टाकून ठेवा.