काय खाल्लं वं तुनं?

वऱ्हाडात अंगावर पिणाऱ्या बाळाच्या गालावर लाल चट्टा उठला, की घरातल्या जाणत्या बायका आधी आईच्या ताटात डोकावतात. 'काय खाल्लं वं तुनं? लेकराच्या आंगावर निंगालं ना!' हा प्रश्न अमरावतीच्या आमच्या गल्लीत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वांगं हा त्यातला कायमचा आरोपी. त्यामागून हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, आंबट दही, लोणचं. विचारणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण या तपासात बाळंतिणीचे काय हाल होतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

अकोल्याला दिलेल्या माझ्या भाचीचं बाळ तिसऱ्या महिन्यात गाल उशीवर घासू लागलं. गाल, कपाळ, मग पोटऱ्या. लंगोटाखालची जागा मात्र स्वच्छ. हे इसबाचं, म्हणजे ॲटोपिक डर्माटायटिसचं, अगदी पुस्तकी रूप. घरात एकेक पदार्थ बंद होत गेला. दीड महिन्यात भाची मुगाचं वरण, भात आणि ज्वारीच्या भाकरीवर आली. तिला चक्कर येऊ लागली, वजन उतरलं, चट्टे होते तिथंच राहिले. शेवटी 'तुझं दूधच बाधतं, पावडर सुरू कर' असा निकाल लागायच्या बेतात होता. मी आयुष्यभर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. तेव्हा या निकालाचा पुरावा काय, हे पाहणं मला भागच होतं.

आईच्या आहाराचा दुधाशी संबंध जोडणं काही अडाणीपणाचं नाही. चरकाने आठ क्षीरदोष सांगितले आहेत आणि आईच्या आहारविहारातून दूध बिघडतं असं आयुर्वेद मानतो. आधुनिक वैद्यकातही १९२१ साली डब्ल्यू. आर. शॅनन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं, की आईने खाल्लेल्या अन्नातली प्रथिनं तिच्या दुधात उतरतात. पुढच्याच वर्षी त्याने अंगावर पिणाऱ्या बाळांच्या इसबावर निबंध लिहिला आणि आईच्या आहाराकडे बोट दाखवलं. म्हणजे अकोल्यातल्या आजीबाई आणि शॅनन एकाच बाजूचे.

खरा प्रश्न उतरतं किती, हा आहे. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन गाईच्या दुधात लीटरला सुमारे तीन ग्रॅम असतं. माणसाच्या दुधात ते मुळात तयारच होत नाही. आईने गाईचं दूध प्यायलं तर काहींच्या दुधात लीटरला काही मायक्रोग्रॅम सापडतं. फरक लाखो पटींचा. आता पावडरीचा विचार करा. बाजारातली नेहमीची बाळदुधाची पावडर गाईच्या दुधापासूनच बनते. आईच्या दुधातून कणभर येणाऱ्या गोदुग्धाच्या भीतीने बाळाला बाटलीभर गोदुग्ध पाजायचं, हा उपाय मला अजब वाटतो. १९३६ साली शिकागोत ग्रुली आणि सॅनफर्ड यांनी २०,०६१ बाळांची नोंद ठेवली. गाईच्या दुधावरच्या बाळांत इसबाचं प्रमाण आईच्या दुधावरच्यांच्या सातपट निघालं. नंतरच्या अभ्यासांत एवढं स्पष्ट अंतर दिसलं नाही, आणि स्तनपानाने इसब टळतोच असंही आज कुणी म्हणत नाही. पण इसबासाठी अंगावरचं तोडा, याला त्यात कुठंच आधार मिळत नाही.

मग कारण कुठं शोधायचं? गेल्या वीस वर्षांत संशोधकांची नजर पोटाकडून कातडीकडे वळली आहे. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाच्या मुळाशी सापडले. फिलॅग्रिन हे कातडीच्या वरच्या थराला घट्ट आणि ओलसर ठेवतं. विटांच्या भिंतीतला चुना झडावा तसं ते कमी पडलं, की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीबाही आत शिरतं. आत शिरलेल्या परक्या वस्तूंशी शरीर भांडू लागतं, खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी फुटते. सगळ्याच बाळांत हा एकच जनुकदोष असतो असं नाही, पण गळकी कातडी ही इसबातली समान गोष्ट आहे. आईबापांपैकी कुणाला दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा लहानपणी इसब होता का, हा प्रश्न म्हणूनच वांग्याच्या आधी विचारायला हवा.

इथं आपल्या न्हाणीघरात जरा थांबू या. बाळाला तेल चोळून, डाळीच्या पिठाने खसखसून, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं आणि वर ओवा-वेखंडाची धुरी द्यायची, ही आपली रीत. निरोगी कातडीला ती चालून जाते. इसबाच्या कातडीला घासणं, कढत पाणी आणि धूर हे तिन्ही जाच आहेत. आणि पीठ? जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण फार खपला. तो वापरून दोन हजारांहून अधिक माणसांना गव्हाची ॲलर्जी जडली. आयुष्यभर नूडल्स खाल्लेल्या माणसांची कातडी गव्हावर रुसली आणि मग पोटालाही गहू सोसेना. इंग्लंडमध्ये गिडिऑन लॅक यांना २००३ साली शेंगदाणा-ॲलर्जीचा संबंध भुईमुगाचं तेल असलेल्या बाळांच्या मलमांशी दिसला. हरभऱ्याची ॲलर्जी आपल्या देशात चांगलीच नोंदलेली आहे; मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली तिच्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून माझा तर्क असा, की फुटलेल्या कातडीवर रोज बेसन चोळणं हे आईने वाटीभर पिठलं खाण्यापेक्षा कितीतरी जोखमीचं. भाचीच्या घरी पिठलं बंद होतं आणि बेसनाचा डबा मात्र न्हाणीत ठेवलेला होता!

सुश्रुताने बाळांच्या अहिपूतना या विकाराचं वर्णन करताना कारण दिलं आहे ते न धुतलेल्या मळमूत्राचं आणि घामाचं. म्हणजे बाळाच्या कातडीला बाहेरून काय लागतं, हे पाहायची दृष्टी आपल्याकडेही जुनीच आहे.

बाहेरून लागणाऱ्या गोष्टींत वऱ्हाडाचं पाणी येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही आणि साबणाला फेस येत नाही. १९९८ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम भागात जड पाण्याच्या वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांच्या मुलांत इसब जास्त आढळला. लगेच कुणी पाणी मऊ करणारं यंत्र घ्यायला धावू नये: २०११ साली ३३६ मुलांवर झालेल्या चाचणीत अशा यंत्राचा अधिक काही फायदा दिसला नाही. पण जड पाण्यात साबण कातडीवर जास्त चिकटून राहतो आणि तिला झोंबतो, हे पुढे प्रयोगात दिसलं. तेव्हा खारपाणपट्ट्यात पहिली काटछाट साबणात करावी. अकोला शहराला काटेपूर्णेचं, अमरावतीला अप्पर वर्धेचं धरणाचं पाणी मिळतं. माहेराहून सासरी किंवा सासरहून माहेरी जाताना पाणी बदलतं, आणि चट्टे कमीजास्त झाले की श्रेय किंवा दोष जातो तिथल्या स्वयंपाकाला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की घामानेही खाज भडकते.

अर्थात प्रत्येक पुरळ हा इसब नसतो. मानेच्या वळ्यांत बारीक पुटकुळ्या असतील तर बहुधा घामोळं. टाळूवर पिवळट, तेलकट पापुद्रे असतील तर ते वेगळंच, आणि आपोआप जाणारं. तळहात-तळपायांवर फोड असतील आणि घरातली इतर माणसंही रात्री खाजवत असतील तर खरूज शोधावी. औषधाच्या दुकानातून आणलेलं 'सगळ्यावर चालणारं' मलम मात्र कटाक्षाने टाळावं. त्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. डॉक्टरांनी नेमून दिलेलं सौम्य स्टिरॉइड ही वेगळी गोष्ट, त्याला घाबरून अर्ध्यात सोडू नये.

आहाराचा संशय कधी घ्यायचा? नीट ओलावा आणि मलम देऊनही इसब हटत नसेल, शौचात रक्त येत असेल, बाळाचं वजन वाढत नसेल, तर. दूध पाजल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठत असतील किंवा उलट्या होत असतील, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावं. तपासाचीही एक शिस्त आहे. एका वेळी एकच पदार्थ, बहुधा गाई-म्हशीचं दूध, आईने डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचा, कॅल्शियमची सोय ठेवायची. मग तो पुन्हा सुरू करायचा. बंद केल्यावर बरं आणि सुरू केल्यावर पुन्हा वाईट, असं दोन्ही घडलं तरच पदार्थ दोषी. दुसरी पायरी आपल्या घरांत कधीच होत नाही. इसब मुळात भरती-ओहोटीचा आजार; ओहोटीच्या आठवड्यात जे बंद असेल त्याच्या माथी खापर फुटतं आणि ते वर्षभर बंद राहतं. रक्तातल्या ॲलर्जीच्या तपासण्याही एकट्याने निकाल देत नाहीत. तपासणीत खूण दिसूनही पदार्थ निर्धास्त पचवणारी मुलं पुष्कळ असतात. भाचीने तीन आठवडे दूध सोडलं, फरक पडला नाही. पुन्हा सुरू केलं, तरी पडला नाही. दूध सुटलं. मग वांगं, तूर आणि शेंगदाणे तिच्या ताटात परतले. बाळाला कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग ओलं असतानाच घट्ट मलम आणि भडक्याच्या दिवसांत डॉक्टरांचं औषध एवढं चालू राहिलं. गाल हळूहळू निवळले; थंडीत पुन्हा थोडे उठले.

शेंगदाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. लॅक यांनीच पुढे लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं निवडली, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत वर्ज्य ठेवला. २०१५ साली निकाल आला: वर्ज्य गटात १७ टक्क्यांच्या आसपास मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्या गटात जेमतेम ३ टक्के. इसबाच्या बाळाला उष्टावणानंतर शेंगदाणा, अंडं लांब ठेवायचा आपला सल्ला त्याने उलटा पाडला. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. अख्खा दाणा लहान मुलाला कधीच देऊ नये, घशात अडकतो. पण भाजून अगदी बारीक केलेलं कूट, पातळ पेजेत कालवून, चमच्याच्या टोकावर, एवढ्याने सुरुवात करता येते.