शिडाच्या नौकेतील सौर वायुवीजन : निवड आणि देखभाल

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर समुद्रापासून दूर आहे. तथापि बंद जागेतील हवा खेळती ठेवण्याचा प्रश्न तेथील टिनपत्र्याच्या खोलीला जसा आहे, तसाच नौकेच्या केबिनलाही आहे. नौकेत लाटांमुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि वीज मर्यादित असते. म्हणून तेथे हा प्रश्न अधिक काटेकोरपणे सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात सौर वायुवीजनाची निवड व देखभाल यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’तून 2017-18 मध्ये सहा आणि 2024-25 मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. अशा प्रवासात उष्ण कटिबंधातील दमटपणा आणि दक्षिण महासागरातील थंडी, दोन्ही एकाच केबिनला सोसावी लागतात.

आर्द्रतेचे कारण :
माणसाचा श्वास, ओले कपडे आणि स्वयंपाक यांतून बाष्प निर्माण होते. एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. केबिनचे तापमान 20 अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असल्यास दवबिंदू सुमारे 16 अंश असतो. भिंत त्याहून थंड असल्यास तिच्यावर पाणी जमते व बुरशी धरते. बाहेरची हवा थंड व कमी बाष्पाची असेल तर पंखा केबिन कोरडी करतो. याउलट, गोव्यातील जुलैच्या हवेत बाष्पच अधिक असल्याने पंखा हवा बदलतो, पण केबिन कोरडी करीत नाही.

निवड :
20 घनमीटर केबिनमधील हवा तासाला तीन वेळा बदलायची असल्यास 60 घनमीटर हवा लागते. पंख्यावर छापलेली क्षमता मोकळ्या हवेतील असते. जाळी व वळणांमुळे ती घटते. हवा आत येण्याचा मार्ग नसेल तर बाहेर फेकणारा पंखा निरुपयोगी ठरतो. प्रवेशमार्ग सुमारे 15 सेंटीमीटर व्यासाचा आणि पंख्याच्या विरुद्ध टोकाला असावा. पाणी अडवून हवा आत सोडणारी ‘डोरेड’ पेटी येथे उपयुक्त ठरते. हे नाव 1930 मधील एका शर्यतीच्या नौकेवरून पडले आहे.

केवळ पॅनेलवर चालणारा पंखा दिवसा चालतो; भिंतींवर पाणी मात्र प्रामुख्याने रात्री जमते. म्हणून बॅटरी आवश्यक आहे. 3 वॅटचा पंखा 24 तास चालल्यास 72 वॅट-तास लागतात. दिवसाला चार तास पूर्ण ऊन धरल्यास 18 वॅटचे पॅनेल पुरते. शिडाची सावली व इतर हानी लक्षात घेता 25 ते 30 वॅटचे घ्यावे. 12 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरली, तरी सुमारे दीड दिवस पुरते.

देखभाल :
पॅनेलवरील मिठाचा थर गोड्या पाण्याने धुवावा. जाळी व पाती स्वच्छ ठेवावीत, उन्हाने कडक झालेले रबर बदलावे. वायर कथिलाचा मुलामा असलेली असावी. तिच्या जोडांवरील गंज तपासावा आणि बॅटरीजवळ फ्यूज लावावा. प्रवेशमार्गाशी कागदाची पट्टी धरावी. ती आत ओढली न गेल्यास मार्ग तुंबला आहे असे समजावे. वादळापूर्वी झाकण घट्ट बसते याची खात्री करावी.

सुरक्षिततेची मर्यादा :
एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने नौकेच्या तळाशी साचतो. छतावरील पंखा तो काढू शकत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. म्हणून दोन्हींचे सूचक यंत्र स्वतंत्रपणे बसवावे. पंखा त्याला पर्याय नाही.

निष्कर्ष :
सूर्याची वेळ आणि गरजेची वेळ एक नसते, हे या विवेचनाचे सार आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा दुपारी पंखा बाहेरची तप्त हवाच आत आणतो. खोली थंड होते ती रात्रीच्या हवेने. त्यामुळे अल्लीपूरच्या खोलीतही प्रथम हवेचा मार्ग, मग पंखा चालविण्याची वेळ आणि शेवटी पॅनेल, हाच क्रम योग्य ठरतो.