मोटार फिरते, पण सांगितल्याप्रमाणे फिरते का?

निकोला टेस्ला यांना इंडक्शन मोटारीची अमेरिकी पेटंटे मे १८८८ मध्ये मिळाली. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म मोजतो तोही १८८८ पासूनच, बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातच कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडवले. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ मध्ये याच घराण्याने बंगळूरुला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली आणि विजेच्या मोटारी देशभर पोहोचवल्या.

आज बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शेडमध्ये, निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत आणि पलीकडे कागल-इचलकरंजीत याच जातीच्या मोटारी फिरत आहेत. मोटार मुळात फारशी बदललेली नाही. बदलली ती तिला आवरणारी यंत्रणा. तिचे दोन भाग: हुकूम देणारा ड्राइव्ह आणि हुकूम पाळला गेला का हे सांगणारा एन्कोडर किंवा त्याचे भाऊबंद. आपल्या भागात पहिल्यावर भरपूर पैसा खर्च होतो, दुसऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते. हा लेख त्यासाठी आहे.

प्लेटवर १४४० का लिहितात?

पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर चार पोलच्या मोटारीतले चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. प्लेटवर मात्र १४४० च्या आसपासचा आकडा असतो. रोटर क्षेत्राच्या थोडा मागे राहतो, त्या फरकाला स्लिप म्हणतात. स्लिप नसेल तर रोटरमध्ये प्रवाहच निर्माण होणार नाही आणि मोटार ओढणार नाही. लोड वाढला की स्लिप वाढते, म्हणजे वेग आपोआप थोडा उतरतो.

वेग बदलायचा तर फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. ड्राइव्ह आलेल्या विजेची आधी डीसी करतो आणि आयजीबीटी या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या जलद उघडझापीने हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करतो. फ्रिक्वेन्सी उतरवताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावे लागते, नाहीतर लोखंड संपृक्त होऊन मोटार तापते. ४१५ व्होल्टला ५० हर्ट्‌झ, म्हणजे एका हर्ट्‌झला ८.३ व्होल्ट. ही झाली सर्वांत साधी 'व्ही बाय एफ' पद्धत. रोटर खरोखर किती फिरला, हे तिला कळत नाही.

ती तेवढ्याने वाईट ठरत नाही. बॉयलरच्या पंख्याला दोन-तीन टक्के वेग इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. उलट पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती ५१ टक्क्यांवर येते. डॅम्पर अर्धवट मिटून हवा अडवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त. इथे एन्कोडर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

गव्हाणीपासून सेंट्रिफ्युगलपर्यंत

साखर कारखान्यात एकाच छपराखाली अनेक स्वभावांचे लोड भेटतात. गव्हाणीत मोळी पडली की केन कॅरिअरची साखळी ऊस पुढे नेते. मिलवर लोड वाढला की साखळी मंदावली पाहिजे, कमी झाला की पुन्हा वेग घ्यायला हवा. ऊस कधी विरळ येतो, कधी गठ्ठ्याने, त्यामुळे हे काम गळीत हंगामभर अखंड चालते.

त्याहून बोलके उदाहरण सेंट्रिफ्युगलचे. मोठ्या बॅच यंत्राच्या जाळीदार बास्केटमध्ये एका वेळी १७५० किलोपर्यंत मॅसिक्विट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचे दाट मिश्रण, घेतात. भरताना बास्केट मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेते, मग हजाराच्या पुढे जाते. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि साखर भिंतीला राहते. नंतर ब्रेक लागून वेग पन्नासच्या आसपास येतो आणि प्लाऊ आत शिरून साखर खरवडतो. वेग जास्त असताना प्लाऊ आत गेला तर जाळी फाटते आणि जवळच्या माणसालाही धोका होतो. म्हणून बास्केटचा वेग शाफ्टवर प्रत्यक्ष मोजलेला असावा लागतो, ड्राइव्हच्या अंदाजावर हे काम सोडता येत नाही. ब्रेकच्या वेळी मोटार जनित्र होते. रीजनरेटिव्ह ड्राइव्ह असेल तर ती वीज परत लाइनमध्ये जाते आणि शेजारच्या वेग घेणाऱ्या यंत्राच्या उपयोगी पडते.

मिलचा रोलर दोन मोटारींनी ओढायचा असेल तर वेगळाच पेच पडतो. दोघींना वेगाचा हुकूम दिला तर आकड्यातल्या किंचित फरकानेही एक सगळा लोड घेते आणि दुसरी नुसती धावते. जोडीतला एक बैल जू ओढतो आणि दुसरा नुसता सोबत चालतो, तसे होते. म्हणून एकीला स्पीड मोडमध्ये ठेवतात आणि दुसरीला टॉर्क मोडमध्ये. पहिली वेग धरते, दुसरी पहिलीइतकाच जोर लावते.

टॉर्क मोडचे दुसरे घर इचलकरंजीचे सायझिंग. बीमवर सूत गुंडाळताना सुताचा वेग आणि ताण कायम हवा. बीमचा व्यास दुप्पट झाला की फेरे निम्मे आणि टॉर्क दुप्पट करावा लागतो. नुसता वेग धरून बसलात तर सूत तुटते किंवा सैल पडते.

जोर आणि चुंबकत्व वेगळे काढण्याची युक्ती

डीसी मोटारीत चुंबकत्वाचा आणि जोराचा प्रवाह जात्याच वेगळा असतो, म्हणून अनेक दशके अचूक कामांसाठी डीसीच वापरत. १८९१ मधील वॉर्ड लिओनार्ड पद्धत त्यातलीच. कार्बन ब्रशची झीज आणि धूळ ही तिची किंमत होती. १९७० च्या आसपास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी एसी मोटारीचा प्रवाह गणिताने दोन भागांत विभागला: एक भाग चुंबकत्व राखतो, दुसरा जोर देतो. हेच वेक्टर कंट्रोल. १९८० च्या दशकात ताकाहाशी-नोगुची आणि डेपेनब्रॉक यांनी टॉर्क थेट आवरणारी पद्धत मांडली.

सेन्सरलेस वेक्टर प्रवाह आणि व्होल्टेज पाहून वेगाचा अंदाज बांधतो आणि बहुतेक कामांना तो पुरतो. पण वेग शून्याजवळ आला की मोटारीतून येणारा संकेत इतका क्षीण होतो की अंदाजावर भिस्त ठेवता येत नाही. क्रेनवर ओझे अधांतरी धरायचे असेल, तर शाफ्टवर एन्कोडर हवाच.

उद्यमबागेतला आटा

सुरेश हुंद्रे यांच्या पॉलिहायड्रॉनमुळे आणि इतर अनेक कारखान्यांमुळे बेळगाव हायड्रॉलिक्ससाठी ओळखले जाते. फिटिंगवर आटा काढताना सीएनसी लेथचे टूल त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा जाते आणि दर वेळी थोडे खोल उतरते. प्रत्येक खेपेला ते नेमक्या त्याच कोनात शिरले नाही तर आटा चिरडतो. तो कोन सांगतो स्पिंडलच्या एन्कोडरचा झेड पल्स, फेऱ्यातून एकदाच येणारा.

उरलेले काम ए आणि बी या दोन चॅनेलचे. त्यांच्यात पाव आवर्तनाचे अंतर असते. आधी कोणता आला यावरून दिशा कळते. दोन्हींच्या चढत्या-उतरत्या कडा धरल्या की १०२४ पल्सच्या एन्कोडरमधून एका फेऱ्यात ४०९६ टप्पे मोजता येतात. बॉल स्क्रूचा पिच १० मिलिमीटर असेल तर एक टप्पा सुमारे २.४ मायक्रॉनचा. व्हॉल्व्हच्या स्पूलची ढिलाई काही मायक्रॉनचीच असते, म्हणून सर्व्हो मोटारींना १७ बिटचे, म्हणजे फेऱ्याला १,३१,०७२ टप्प्यांचे एन्कोडर लागतात. वीज गेल्यावर इन्क्रिमेंटल एन्कोडर आपली जागा विसरतो, अ‍ॅबसोल्यूट विसरत नाही.

फाउंड्रीत उष्णता, धूळ आणि हादरे असतात. तिथे रिझॉल्व्हर टिकतो. त्यात काचेची चकती नसते, इलेक्ट्रॉनिक्सही नसते, फक्त तांब्याची वेटोळी आणि लोखंडी पट्ट्या असतात.

चुका कुठे होतात

ड्राइव्ह वारंवार ट्रिप झाला की दोष ड्राइव्हवर येतो. तपासावे असे असते दुसरेच: एन्कोडरचे कपलिंग ढिले झालेले, त्याची केबल मोटारीच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकलेली, शील्डचे अर्थिंग नीट नसलेले, मोटारीच्या प्लेटवरचे आकडे भरून ऑटोट्यून न केलेले. जुन्या मोटारीला ड्राइव्ह जोडला की वाइंडिंगच्या पहिल्या वेटोळ्यांवर व्होल्टेजचे झटके बसतात आणि बेअरिंगमधून प्रवाह वाहून त्यावर खाचा पडतात. रिवाइंडिंगला मोटार आली की अनुभवी वाइंडर हे पाहताक्षणी ओळखतो. त्याच्याकडचे हे ज्ञान मोलाचे आहे.

उद्यमबागेत १९७९ पासून गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे आणि विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयही बेळगावात आहे. इथला फिटर मराठी वाचतो किंवा कन्नड, अनेकजण दोन्ही. ड्राइव्हची मॅन्युअल मात्र इंग्रजीत येतात. या संस्थांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी वाइंडर-फिटरांना सोबत घेऊन दोन्ही भाषांत एक छोटी, चित्रांसह पुस्तिका काढावी, ही माझी कळकळीची विनंती. आणि उद्योजकांनी ड्राइव्हची ऑर्डर देण्याआधी चार प्रश्न विचारावेत: लोडचा स्वभाव काय? वेग धरायचा, जोर धरायचा की जागा? शून्य वेगावर ओझे धरायचे आहे का? वीज गेल्यावर जागा लक्षात राहायला हवी का? या उत्तरांवरून कंट्रोल मोड आणि फीडबॅक ठरवावा, अश्वशक्ती आणि किंमत त्यानंतर पाहावी.