एरर कोड आधी, भंगार नंतर
विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी कार्यालयांपुढेही विंडोज ११ चा प्रश्न उभा राहिला. अपग्रेड अर्ध्यावर थांबून जुनीच विंडोज परत आली, की ‘मशीन गेलं’ असा निकाल लगेच दिला जातो. हा निकाल घाईचा आहे. पडद्यावर ‘०एक्ससी१९००१०१’ असा कोड दिसला, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, सहीचं डोंगल काढून, ड्रायव्हर ताजे करून, सी ड्राइव्हवर जागा मोकळी करून पुन्हा प्रयत्न करावा. ‘टीपीएम नाही’ असा संदेश आला, तरी काही मशीनमध्ये विंडोज ११ ला लागणारी ही सुरक्षेची सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद असते.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नवा संगणक घ्यावा. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल तर ते बरोबरच आहे. तिथे आडमार्गाने विंडोज ११ बसवणं मला धोक्याचं वाटतं, कारण पुढच्या अपडेटची हमी राहत नाही. पण प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा असताना केवळ एका ड्रायव्हरपायी मशीन भंगारात घालणं म्हणजे जनतेचा पैसा वाया घालवणं. आणि काहीही करण्यापूर्वी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायलाच हवी.